कुंकवाखालचा गंज

खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या शस्त्रांत ते सगळ्यात लहान होतं. मूठ सैल झालेली तलवार, खवले धरलेला दांडपट्टा, ऊस तोडायचा कोयता, विळी, नातवाच्या मोटरसायकलची किल्ली, आणि सगळ्यांच्या कडेला जरा अंग चोरून बसलेलं वेब्ली अँड स्कॉट या इंग्रज कंपनीचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर. वाईकडचा एक वाडा. आजींनी वाटीत कुंकू कालवलं, अनामिकेनं तलवारीला लावलं, पट्ट्याला लावलं, कोयत्याला लावलं, आणि रिव्हॉल्व्हरपाशी आल्यावर हात किंचित थबकला. मग नळीच्या मुळाशी, सपाट जागा बघून, ठसठशीत टिकली उमटली. वर झेंडूचं फूल, आपट्याचं पान. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं, फूल उचललं, रिव्हॉल्व्हर आपल्या जुन्या चामडी होल्स्टरमध्ये गेलं आणि कपाट बंद झालं. दिवाळीच्या साफसफाईत ते पुन्हा बाहेर निघालं तेव्हा कुंकू पुसलं गेलं, पण खाली हरभऱ्याच्या डाळीएवढा नारिंगी डाग होता. नातू म्हणाला, "ब्रासो लावून घासू का?"

नको म्हणणं सोपं होतं. का नको, ते सांगायला अख्खी दुपार गेली.

गंमत अशी की त्या रिव्हॉल्व्हरची जी काळसर निळाई आपल्याला देखणी वाटते, तोही गंजच असतो. शिस्त लावलेला गंज. जुन्या पद्धतीत घासूनपुसून तेलकटपणा काढलेल्या पोलादाला आम्लाचं पातळ पाणी लावून दमट हवेत ठेवत, मुद्दाम तांबूस गंज चढू देत, मग तो भाग उकळत्या पाण्यात बुडवत. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळा होतो आणि पोलादाला घट्ट धरून बसतो. वरची सुटी काजळी बारीक ब्रशनं झटकायची आणि पुन्हा गंजायला ठेवायचं. असं पाच-सात वेळा केलं की ती निळी-काळी साय तयार होते. तांबडा गंज फुगतो, भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खड्डा पाडत जातो. काळा गंज तेल धरून ठेवतो. दोघांत फरक इतकाच, पण शस्त्राचं आयुष्य त्या फरकावर उभं असतं. ब्रासोमध्ये बारीक कुरंदासारखी खर असते, ती पितळ उजळवते तशीच ही सायही सोलून काढते. डाग जातो, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढं उघडं, पांढरं पोलाद राहतं. पुढच्या पावसाळ्यात तिथे डाळीएवढा नव्हे, लिंबाएवढा गंज येतो.

डागावर करायचं ते इतकंच: शिवणयंत्राचं तेल दोन थेंब टाकायचं आणि दोन दिवस विसरून जायचं. मग ज्याच्या पुड्यावर चार शून्यं छापलेली असतात ते अतिबारीक स्टील वूल, तेही तेलात भिजवून, बोटाच्या टोकानं फिरवायचं. घासायचं नाही, लोणी पसरवावं तितक्या दाबानं फिरवायचं. तेल तांबूस झालं की सुती चिंधीनं टिपायचं, नवं तेल, पुन्हा दोन दिवस. घाई केली की निळाई जाते. तीन खेपांत गंज निघाला, पण मुळाशी सुईच्या टोकाएवढे पाच-सहा खड्डे राहिले. ते आता जाणार नाहीत. जाऊ द्यायचेही नाहीत, असं संग्राहक म्हणतात, कारण खड्डा घालवायचा तर भोवतालचं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं, आणि त्याबरोबर कडा, अक्षरं, शिक्के सगळंच झिजतं.

या वाड्यात पूजेइतकाच दुसरा शत्रू होता खोबरेल. आपल्याकडे जे जे कुरकुरतं त्याला खोबरेल, दाराच्या बिजागरीपासून पोराच्या टाळूपर्यंत. पण खोबरेल साधारण चोवीस अंशाखाली थिजतं. डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत जे पांढरं होऊन बसतं तेच रिव्हॉल्व्हरच्या पोटातही होतं. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, चिखलात पाय टाकल्यासारखा पडतो, काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर टिचकी हलकी बसते आणि बार होत नाही. मग म्हणायचं काडतूस खराब. वर्षानुवर्षं तेलावर तेल चढलं की त्यात धूळ मिसळून चिकट राळ होते, चाप सोडल्यावर पुढे यायला कुचराई करतो. हे काढायला रॉकेल उत्तम: लाकडी किंवा रबरी मुठीच्या चकत्या आधी उतरवायच्या, यंत्र रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचं, सकाळी जुन्या दाताच्या ब्रशनं झाडायचं, पूर्ण वाळवायचं आणि मग हलकं यांत्रिक तेल, थेंब मोजून. चकत्या उतरवताना स्क्रू एकच असतो आणि सगळे अपघात तिथेच होतात. घरातला पेचकस पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतो, जोर लावला की निसटतो आणि खाचेचे ओठ फाटतात. खाचेच्या तळापर्यंत जाणारं, दोन्ही बाजू समांतर असलेलं पातं घासून घ्यावं लागतं. जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेणारा जाणकार आधी नळी बघत नाही, स्क्रूंच्या खाचा बघतो. आत किती अडाणी हात फिरले आहेत ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि होल्स्टर. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि मीठ त्यात मुरलेलं असतं, शिवाय ते हवेतली ओल पितं. म्हणजे शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवणं म्हणजे ओल्या पोतेऱ्यात गुंडाळून ठेवणं. त्याच्या पट्ट्यावरच्या कप्प्यांत वर्षानुवर्षं खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा, मेणचट थर येतो. कळकलेल्या तांब्यावर असतो तसाच. काही जण तो नखानं खरवडून काडतूस पुन्हा वापरायला काढतात. खरवडल्यावर दिसणारं पितळ गुलाबी झालेलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, ठिसूळ झाली आहे. ती उडवायची नाही. होल्स्टर वेगळं, शस्त्र वेगळं, काडतुसं तिसऱ्याच कुलपात. शस्त्राजवळ सिलिका जेलची पुरचुंडी. तीही कायमची नसते. तीन-चार महिन्यांनी ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर दोन तास वाळवावी लागते, नाहीतर ती स्वतःच ओलीचं भांडार होते.

आता त्या दुपारचा खरा भाग. हे रिव्हॉल्व्हर गेल्या पंधरा-वीस वर्षांत कुणी उघडलेलंच नव्हतं. पुसलं जात होतं, पुजलं जात होतं, उघडलं जात नव्हतं. "रिकामंच आहे," असं सगळे म्हणत होते, आणि ते कुणी बघितलं होतं असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. वारशानं आलेल्या शस्त्राचा पहिला नियम हा की सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो बाप असला तरी. नळी भिंतीकडे, भिंतही जाड दगडाची, बोट चापाबाहेर ताठ. वेब्ली मधून मोडतं. डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की वरचा नाल, म्हणजे नळीला सांगाड्याशी जखडणारी कडी, सुटतो, नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात, आणि मधून एक चांदणी वर उचलली जाते, पुंगळ्यांच्या कडा धरून. पूर्ण उघडलं की चांदणी टपकन खाली बसते. हे उघडणं निम्म्यावर थांबवायचं नसतं. हळूहळू, नळी जमिनीकडे करून उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीच्या पकडीतून सुटून तिच्याखाली शिरते. मग ना उघडतं ना मिटतं, आणि ती काढायला नख, काडी, शिव्या सगळं लागतं. म्हणून नळी किंचित वर, एका झटक्यात पूर्ण. सहा भोकं. मोजायची, आणि डोळ्यांनी बघितल्यावर करंगळीनंही चाचपायची.

सहाही रिकामी होती. पाचव्यात कोळ्याचं जाळं होतं.

यंत्र ठीक आहे की नाही हे कळायला गोळी उडवावी लागत नाही. रिकाम्या शस्त्राचा घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश चढवायचा. सिलिंडर फिरून आपल्या जागी बसला पाहिजे, आणि तोही घोडा पूर्ण चढायच्या आत किंवा त्याच क्षणी. घोडा चढून गेला आणि सिलिंडर केसभर मागे राहिला, तर वळवणारा आकडा झिजला आहे. सहाही घरांसाठी हे करायचं, कारण झीज सगळ्या दातांवर सारखी नसते. मग घोडा अंगठ्यानं धरून हळू खाली सोडायचा, पण चाप मागे दाबूनच ठेवायचा, आणि त्या अवस्थेत सिलिंडर हलवून बघायचा. इथे नवखे फसतात. चाप सुटा असताना वेब्लीचा सिलिंडर थोडा हलतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. चाप दाबलेला असताना मात्र तो खिळल्यासारखा पाहिजे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजनं मोजायची, तेच जे गॅरेजवाला टॅपेटला लावतो. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर छान. ०.३० च्या पुढे गेली तर वायू बाजूला उडतो आणि गोळीचा जोर जातो. फट जवळजवळ नसेल तर पाच-सहा बारांनंतर काजळी साचून सिलिंडर अडतो. शेवटी वरचा नाल: शस्त्र मिटवून नळी आणि मूठ दोन हातांत धरायची आणि उघडायच्या दिशेनं हलकं हेलकावायचं. टकटक ऐकू आली तर बिजागरी किंवा नाल झिजलाय. असं शस्त्र कपाटात शोभतं. मुठीच्या पोटात व्ही आकाराची पात्याची स्प्रिंग असते. हौशी माणसानं पकडीनं ती जास्त दाबली की काचेसारखी तुटते, आणि तिचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. ती हातानं घडवून, पाणी देऊन, परत मऊ करून बसवावी लागते, आणि हे काम परवानाधारक कारागिरानंच करायचं असतं. कायदाही तेच म्हणतो आणि अक्कलही.

नळीवर, सिलिंडरवर आणि सांगाड्यावर जुळणारा क्रमांक आहे का ते पाहिलं. होता. भिंगाखाली बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के दिसले: मुकुट, त्याखाली बी व्ही, एन पी. नायट्रो बारूदावर चाचणी झाल्याची ती खूण. लष्करी शस्त्रावर त्याऐवजी ब्रिटिश सरकारचा बाण असता, आणि ते नोकरीतून काढून विकलं असतं तर टोकाला टोक भिडलेले दोन बाण. हे नागरी बाजारासाठी घडवलेलं. आजोबांच्या वडलांनी घेतलेलं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर या देशात परवाना मिळणं हा मानाचा तुरा होता. इनामदार, मामलेदार, बडे कंत्राटदार असल्यांच्याच घरात तो असे. रिव्हॉल्व्हर वापरण्यासाठी कमी, आणि सरकारचा आपल्यावर भरवसा आहे हे गावाला दाखवण्यासाठी जास्त. तो तुरा अजून उतरलेला नाही, हेही खरं. आजही काही लोक शर्ट मुद्दाम आत खोचतात ते कशासाठी, हे आपण पाहतोच. मला त्या ऐटीची चीड येते, आणि तरी तेच यंत्र हातात घेतल्यावर त्याच्या जुळणीचं कौतुकही वाटतं. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला इलाज नाही.

नातवाच्या हातात एका खोक्यात काडतुसं होती. तिथे मात्र अंगावर काटा आला. "पॉइंट बत्तीस" असं त्यानं दुकानात सांगितलं होतं आणि पॉइंट बत्तीसच आणलं होतं. फक्त ते पिस्तुलाचं. .३२ या एका आकड्याखाली, म्हणजे इंचातल्या मापाखाली, निदान तीन वेगळी बिऱ्हाडं राहतात. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळीची लांबी २३.४ मिलिमीटर, बुडाशी रुंद कड. १८९६ सालचं. त्याचा धाकटा भाऊ शॉर्ट, साडेपंधरा मिलिमीटर. तो लाँगच्या घरात बसतो आणि निमूट चालतो. तिसरं पिस्तुलाचं .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, पुंगळी १७.३ मिलिमीटर. पुंगळीचा घेर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाइतकाच, आणि अर्धवट कड असल्यामुळे तेही सिलिंडरमध्ये घरंगळत नाही, अगदी शहाण्यासारखं बसतं. गोची इथेच आहे. लाँगच्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला १५,००० पौंड धरलेला असतो, एसीपीचा २०,५०० पौंड. मधून मोडणाऱ्या, शंभरीकडे झुकलेल्या नालाला तो फरक कळतो. पहिल्या बाराला काही होत नाही, दहाव्यालाही कदाचित नाही. बिजागरी ढिली होत जाते आणि एक दिवस फट वाढते. म्हणून दुकानात आकडा सांगायचा नाही, "रिव्हॉल्व्हरचं, लाँग" असं म्हणायचं, आणि खोका उघडून कड बघायची. पुंगळीच्या बुडावर के एफ अशी अक्षरं असतील तर माल आपल्या खडकीचा. १८६९ पासूनचा तो कारखाना. पुणेकरांना खडकी म्हटलं की मिसळ आणि बाजार आठवतो. पण सातासमुद्रापलीकडच्या काडतूस-संग्राहकांना के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, हे तोंडपाठ असतं.

हे .३२ या देशात इतकं बोकाळलं ते काही त्याच्या गुणांमुळे नाही. आपल्या नियमांत सैन्याच्या काडतुसांचे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, निषिद्ध ठरवलेले आहेत. .३८० आणि .४५५ ची कडवाली काडतुसं, नऊ मिलिमीटर, .४५ हे घेणारं कुठलंही पिस्तूल-रिव्हॉल्व्हर साध्या परवान्यावर बाळगता येत नाही. उद्देश उघड आहे: सैन्याची चोरलेली काडतुसं नागरी शस्त्रात चालू नयेत. परिणाम असा की पहिल्या महायुद्धात सुभेदाराच्या साहेबानं कमरेला लावलेलं वेब्ली मार्क सहा, १९१५ चं, किलोभर वजनाचं, .४५५ बोअरचं, ते मराठी घरातल्या माळ्यावर निघालं तर आनंदानं उड्या मारायच्या नसतात, आधी वकील गाठायचा असतो. उरलं .३२. कानपूरच्या आयुधनिर्माणीचं रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या घराण्यातलं, सातशे ग्रॅमचं. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' म्हणजे तेच टायटॅनियममध्ये हलकं केलेलं. त्यावेळी किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून जाहिरात. ज्यांना संरक्षण हवं त्यातल्या किती जणींकडे सव्वा लाख आणि परवाना दोन्ही असणार, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणींनी विचारला होता आणि तो रास्त होता. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे जी किंमत येते ती ऐकून विलायतेतला माणूस चक्कर येऊन पडेल.

कागदाचं थोडक्यात सांगतो, कारण गंजापेक्षा जास्त वारसाहक्काची शस्त्रं कागदानं जातात. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. माणूस गेला की त्याच क्षणापासून ते शस्त्र घरात बेकायदा होतं. सुतक, तेरावं, वाटण्या यासाठी कायदा थांबत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं २१ वं कलम विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा म्हणतं. पावती घ्यायची, तिच्यावर क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या, आणि शस्त्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो आपल्याजवळ. मग वारसानं आपल्या नावावर परवाना मागायचा, इतर वारसांची ना-हरकत जोडून. इथे भावकीचं सगळं गाठोडं सुटतं. ज्या चुलत्यानं चाळीस वर्षं त्या कपाटाकडे बघितलं नव्हतं त्याला अचानक आजोबांची आठवण येते. हे टाळायचं तर २०१६ च्या नियमांत वाट आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल त्यानंतर, तो हयातीतच वारसाला पुढे करू शकतो. फार थोडे म्हातारे हे करतात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. त्यामुळे तीन-चार पिढ्यांचा संग्रह ही गोष्ट आपल्याकडे आता कपाटात मावत नाही, कुटुंबात वाटून ठेवावी लागते. आणि निवडणूक आली की बऱ्याचदा शस्त्र ठाण्यात जमा. जमा करताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी घालू नये, आतल्या आत घाम फुटतो. दाट ग्रीसचा हात देऊन मेणकागदात गुंडाळायचं. परत आल्यावर पहिल्या संध्याकाळीच उघडायचं.

बार काढायची गोष्ट निघाली तेव्हा आजी उठून आत गेल्या.

मैदानात .३२ चा बार मोठा नसतो, ९८ ग्रेनची म्हणजे सव्वासहा ग्रॅमची गोळी, मनगटाला एक ढुशी. कानाला मात्र तो १४० डेसिबलच्या वर असतो, त्यामुळे कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा यात हौस-मौज नाही. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर, आणि दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही न्यायची नाहीत. त्या पाव मिलिमीटरच्या फटीतून वायूची सुरी बाजूला निघते. नजर लक्ष्यावर नाही, माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर. माशी धारदार, लक्ष्य धूसर, हे उलटं झालं की गोळी कुठेही जाते. घोडा आधी चढवून चाप ओढला तर अडीच-तीन किलोचा जोर पुरतो, न चढवता नुसता चाप ओढला तर सहा-सात किलो लागतात आणि माशी नाचते. २५ मीटरवरच्या सेंटर फायर स्पर्धेत याच .३२ लाँगची सपाट तोंडाची गोळी वापरतात, कागदात पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं. साठ गोळ्या, त्यातल्या तीस सावकाश आणि तीस प्रत्येकी तीन सेकंदांत. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० केले, विश्वविक्रमाची बरोबरी. सावकाश टप्प्यातलं दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं. राणाकडे अर्थात स्पर्धेचं पिस्तूल होतं. आजोबांच्या वेब्लीनं पंधरा पावलांवरून बशीएवढ्या जागेत सहा गोळ्या बसल्या तरी देव पावला म्हणायचं.

जुन्या काडतुसांचे दोन आजार ठाऊक हवेत. चाप ओढला आणि बाराऐवजी 'फुस्स' झालं, हाताला धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर तिथेच थांबायचं. बहुधा बारूद ओलं होऊन गोळी नळीत अडकलेली असते. पुढचा बार काढला तर दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळीला आतून कडं पडतं. बाहेरून हात फिरवला तर उंचवटा लागतो, अशी नळी गेली. दुसरा आजार जास्त फसवा. चाप ओढला, टिचकी ऐकू आली आणि काहीच नाही. माणसाची पहिली ओढ पुन्हा चाप ओढण्याची. पिस्तुलात ते निदान जागेवर असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि ते झोपलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं. ते तिथे, बंद सांगाड्याच्या तोंडाशी जागं झालं तर काय होईल याची कल्पना करावी. म्हणून नळी लक्ष्याकडेच, मनात साठ आकडे, आणि मगच उघडायचं. घरी आल्यावर जुन्या, क्षारयुक्त टोप्यांची काडतुसं वापरली असतील तर नुसतं तेल पुरत नाही. टोपीतल्या क्लोरेटचं जळून मीठ होतं, आणि मीठ तेलात विरघळत नाही. कडकडीत पाणी नळीतून आणि सहाही घरांतून ओतायचं, गरम पोलाद आपोआप वाळतं, मग तेल. हात साबणानं धुवायचे, थंड पाण्यानं, आणि त्याआधी तोंडात काही घालायचं नाही. बोटांवर शिसं असतं.

त्या दिवशी बार काढला नाही. नाल किंचित वाजत होता. कारागिराला दाखवावं असं ठरलं, आणि नातवानं पिस्तुलाची काडतुसं परत केली. निकेलचा मुलामा देऊन चकचकीत करावं, ही त्याच्या काकांची सूचना मी जोर लावून हाणून पाडली. मुलाम्याआधी पॉलिशच्या चाकावर जी घासणी होते तिच्यात मुकुट आणि अक्षरं विरघळतात, आणि मग ते कुठल्याही लग्नातल्या सनईवाल्याच्या वाद्यासारखं दिसतं.

यंदाच्या खंडेनवमीला पुन्हा तोच पाट. नातवानं आदल्या रात्री रिव्हॉल्व्हरला मेणाचा पातळ हात दिला होता, वाळल्यावर मऊ कापडानं पुसला होता. कुंकू होल्स्टरला लावू या, असं तो म्हणून बघत होता. आजींनी ऐकलं नाही. वाटी घेऊन आल्या, तलवार, पट्टा, कोयता, आणि त्याच्यापाशी आल्यावर हात पुन्हा थबकला. "आत काही नाही ना रे?" नातवानं उत्तर दिलं नाही. पाट ओलांडून भिंतीकडे तोंड केलं, खटका दाबला आणि ते एका झटक्यात पूर्ण उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्या वाकल्या, चष्मा सारखा केला. मागे निरांजन तेवत होतं. सहा भोकांपैकी दोनांतून ज्योत दिसत होती, हातभर लांब, स्थिर. "एवढंच असतं होय," म्हणाल्या, आणि त्यांची अनामिका मुळाशी असलेल्या त्या खड्ड्यांवर नेमकी टेकली.